सगळे अहवाल ‘पास’, मग रस्ता का उखडला?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पदव्युत्तर प्रबंधासाठी तुम्हाला महामार्गाच्या बारा किलोमीटर पट्ट्याचे बांधकामाच्या वेळचे चाचणी अहवाल मिळाले आहेत. मातीचं कॉम्पॅक्शन (दबाई), सीबीआर (मातीची भार सोसण्याची ताकद), खडीचं ग्रेडेशन (लहान-मोठ्या आकारांचं प्रमाण), मार्शल स्थिरता (डांबरी मिश्रणाच्या ठोकळ्याची ताकद), डांबराचं प्रमाण, सगळं मर्यादेत आहे. एकही चाचणी नापास नाही. तरी दोन वर्षांत चार-पाच ठिकाणी मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या, चाकोऱ्या उमटल्या, खड्डे झाले. मार्गदर्शकांनी सांगितल्याप्रमाणे तुम्ही चाचण्यांचे आकडे आणि बिघाड यांचं रिग्रेशन (एक बदललं की दुसरं किती बदलतं याची रेषा) करून पाहिलं, पण काही संबंध लागेना. आता कोणती आधुनिक चाचणी घ्यावी, असं विचारताय.

मी वीसेक वर्षं याच कामात आहे. आधी साइटवरच्या लॅबमध्ये होते, नंतर बिघडलेल्या रस्त्यांची कारणं शोधण्याच्या कामात आले. नवी चाचणी तूर्त बाजूला ठेवा, असं मी म्हणेन. तुमच्या हातातले आकडे नमुन्यांचे आहेत आणि बिघाड रस्त्याला झालाय. या दोघांची गाठ कुठे पडते आणि कुठे सुटते, हा तुमचा खरा विषय आहे.

एक हिशेब करून बघा. सात मीटर रुंद आणि बारा किलोमीटर लांब रस्ता म्हणजे ८४,००० चौरस मीटर. दर शंभर मीटरला १०० मिलिमीटर व्यासाचा एक कोअर, म्हणजे थर कापून काढलेला दंडगोल, काढला असं धरलं, तर १२० कोअर होतात. त्या सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ एक चौरस मीटरही भरत नाही. उखडलेली जागा त्या एका मीटरात सापडावी अशी अपेक्षा ठेवणं कठीण आहे.

रिग्रेशन फसण्याचं दुसरं कारण साधं आहे. तुमचे सगळे आकडे ‘पास’च्या चिंचोळ्या पट्टीत आहेत. कॉम्पॅक्शन ९८ ते ९९.५ एवढंच हलत असेल तर रेषा काढायला पसाराच उरत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटवाजवळ ‘आशो रोड टेस्ट’ झाली, ती याच्या नेमकी उलट होती. तिथे ऑक्टोबर १९५८ ते नोव्हेंबर १९६० या काळात ठरावीक वजनाचे ट्रक फिरवून अकरा लाखांहून जास्त वेळा आसाचा भार रस्त्यावरून नेला. आठशेहून अधिक तुकडे मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे बांधले होते, आणि त्यातले कित्येक मोडणार हे बांधतानाच ठाऊक होतं. म्हणून तर आसाचा भार दुप्पट झाला की नुकसान साधारण सोळापट होतं, हा चौथ्या घाताचा नियम तिथून निघू शकला. सगळेच तुकडे चांगले बांधले असते तर त्यांच्याही हाती काही लागलं नसतं.

पुढचं बरंचसं तुमच्याकडे नेमकं काय आहे यावर अवलंबून आहे. फक्त सहीशिक्क्याची अंतिम प्रमाणपत्रं आहेत, की वजनं लिहिलेली मूळ शीटही आहेत? रस्त्यात कोअर काढायची परवानगी मिळेल का? बिघाड वरच्या डांबरी थरात आहे, की खालून आलाय? शीट मिळत नसतील आणि कोअरही काढता येणार नसतील, तर कारण सांगण्याचा मोह सोडा आणि बिघाडाची मोजणी व नोंद एवढ्यावर प्रबंध करा. शीट असतील तर मात्र मजा आहे.

शीटमध्ये सगळ्यात आधी कॉम्पॅक्शनचा रकाना उघडा. तिथे ‘९८.४ टक्के’ लिहिलेलं असेल. कशाच्या ९८.४ टक्के? लॅबमध्ये आलेल्या नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारते आणि बहुतेक जण गप्प होतात.

डांबरी थराची घनता दोन गोष्टींशी ताडता येते. एक म्हणजे त्याच मालाच्या मार्शल ठोकळ्याची, म्हणजे लॅबमध्ये ठोकून बनवलेल्या नमुन्याची, घनता. दुसरी म्हणजे मिश्रणात हवेची एकही पोकळी नसती तर जी आली असती ती सैद्धांतिक कमाल घनता, जिला आपण लॅबमध्ये जीएमएम म्हणतो. समजा डिझाइनमध्ये चार टक्के पोकळी धरली आहे. म्हणजे ठोकळा जीएमएमच्या ९६ टक्के आहे. साइटवर त्याच्या ९८ टक्के मिळाले, तर थर जीएमएमच्या ९४.१ टक्के आणि पोकळी ५.९ टक्के. उत्तम. आता दुसरा दिवस घ्या. प्लांटवर ग्रेडेशन जरा घसरलं, डांबर कमी पडलं, आणि त्या दिवशीच्या ठोकळ्यातच साडेसहा टक्के पोकळी निघाली. साइटवर पुन्हा ९८ टक्केच. पण हे ९३.५ चे ९८ टक्के, म्हणजे जीएमएमच्या ९१.६ टक्के. पोकळी गेली ८.४ टक्क्यांवर. रजिस्टरमध्ये दोन्ही दिवसांचा आकडा ९८.

या दोन दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दाट ग्रेडेशनच्या मिश्रणात पोकळी आठ टक्क्यांच्या आसपास गेली की सुट्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जाऊ लागतात आणि पाणी आरपार झिरपायला वाट मिळते. पाण्याबरोबर हवाही आत जाते, डांबर लवकर म्हातारं होतं, कडक होतं, चिरतं. वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासकांनी १९८९ मध्ये मांडलेला अंदाज आजही कामी येतो: सात टक्क्यांच्या वर पोकळीचा प्रत्येक जादा टक्का थराचं आयुष्य साधारण दहा टक्क्यांनी कमी करतो. उलट बाजूही आहे. वाहतुकीखाली दबून पोकळी तीन टक्क्यांच्या खाली गेली की खडीचा आधार सुटतो, डांबर वर येतं आणि चाकोऱ्या पडतात.

म्हणून पहिलं काम एवढंच करा. प्रत्येक कोअरची घनता त्या दिवशीच्या जीएमएमशी ताडून पोकळीचा नवा रकाना भरा. ‘पास’च्या गठ्ठ्यातून काही दिवस आपोआप वेगळे पडतील. आणखी एक खाच लक्षात ठेवा. पोकळी जास्त असलेला कोअर पाण्यातून काढून पुसेपर्यंत आतलं पाणी निथळतं. त्यामुळे घनफळ कमी भरतं आणि घनता असते त्यापेक्षा चांगली दिसते. कोअरनं घनफळाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी प्यायलं असेल तर पॅराफिन लावून किंवा निर्वात पिशवीत बंद करून घनफळ काढायचं असतं. हे न केलेल्या लॅबमध्ये सगळ्यात वाईट कोअरलाच सवलत मिळते.

मातीच्या थरातही ‘कशाच्या टक्के’ हाच प्रश्न. मातीची कमाल कोरडी घनता काढायची प्रॉक्टर चाचणी राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये लॉस एंजेलिसच्या धरणकामातून मांडली. त्या वेळच्या रोलरला शोभेल एवढाच मार त्यात होता: अडीच किलोचा हातोडा, तीन थर, प्रत्येकी पंचवीस घाव. पुढे यंत्रं जड झाली तशी सुधारित प्रॉक्टर आली, तिची ऊर्जा जवळजवळ साडेचारपट. एकाच मातीचे दोन्हींतून दोन वेगळे कमाल आकडे येतात. ‘९७ टक्के’ साध्या प्रॉक्टरचे की सुधारित, हे शीटवर नसेल तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. आणि कुठे १०३ टक्के दिसले तर खूश होऊ नका. बहुतेक वेळा भरावाचा माल दुसऱ्या खाणीतून आलेला असतो आणि भागाकार मात्र जुन्या मालाच्या कमाल घनतेनं चाललेला असतो.

ओलाव्याची एक चूक तर मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ती जवळजवळ परंपराच म्हणायला हवी. कॅल्शियम कार्बाइडवर चालणारा मॉइश्चर मीटर ओलावा सांगतो तो ओल्या वजनाच्या टक्केवारीत. आपल्या सूत्राला लागतो तो कोरड्या वजनाच्या. मीटर २० दाखवत असेल तर खरा ओलावा २० भागिले ८०, म्हणजे २५ टक्के. समजा ओली घनता २.०० आणि कमाल कोरडी घनता १.७० आहे. २० टक्के धरून कोरडी घनता १.६७ येते, म्हणजे ९८ टक्के, पास. २५ टक्के धरून १.६० येते, म्हणजे ९४ टक्के, नापास. कुणी खोटं बोललं नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत, आणि तरी कच्चा थर पक्का म्हणून गेला. मूळ शीट असतील तर हा हिशेब तुम्ही घरबसल्या तपासू शकता.

सँड रिप्लेसमेंटचे, म्हणजे थरात खणलेला खड्डा वाळूनं भरून काढलेल्या घनतेचे, आकडेही डोळे मिटून घेऊ नका. वाळू कोरडी असताना कॅलिब्रेट केली आणि साइटवर दमट वापरली, तर ती खड्ड्यात मोकळी बसते. खड्डा लहान भासतो आणि घनता फुगते. शेजारी रोलर चालू असेल तर उलट होतं. कंपनांनी वाळू दबून बसते, खड्डा मोठा भासतो, चांगला थरही नापास होतो. या दुसऱ्या चुकीवर कंत्राटदार लगेच बोट ठेवतो, पहिलीवर कुणीच ठेवत नाही.

आता नमुना कुठून घेतला त्याकडे येऊ. नवीन असताना मी कोअर कुठे घ्यायचा हे रोलरच्या ऑपरेटरला विचारायची. मला वाटायचं, रात्रंदिवस यंत्रावर बसणाऱ्याला रस्ता जास्त कळतो. कळायचाच. तो प्रत्येक वेळी पेव्हरच्या (डांबरी माल पसरणाऱ्या यंत्राच्या) पट्ट्याच्या मधोमध, डंपर बदलल्याच्या जागेपासून लांब, छान दबलेला भाग दाखवायचा. पुढे एका वरिष्ठांनी माझ्या हातात रँडम आकड्यांचा तक्ता दिला आणि सांगितलं, दिवसाच्या कामाचे पाच तुकडे कर आणि प्रत्येक तुकड्यात लांबी-रुंदी दोन्ही तक्त्यावरून काढ. पहिल्याच आठवड्यात दोन कोअर उभ्या जोडाजवळ (शेजारच्या दोन पट्ट्यांच्या सांध्याजवळ) आले आणि घनता तीन टक्क्यांनी खाली. साइट मॅनेजर भडकले: ‘मॅडम, तुम्ही मुद्दाम वाईट जागा शोधताय!’ मी जागा शोधलीच नव्हती, तेवढाच फरक होता. तुमच्या अहवालांत कोअरची जागा चेनेज (रस्त्याच्या लांबीवरचं अंतर) आणि कडेपासूनचं अंतर अशी दोन्ही दिलेली आहे का बघा. नुसतं चेनेज असेल, तर जोड आणि कडा यांबद्दल ते अहवाल मुके आहेत असं समजा. भेगा बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात.

सरासरीवरही विसंबू नका. सरासरी ९८ आणि किमान ९६ हवेत, असं धरा. आकड्यांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचं विखुरणं) एक असेल तर ९६ च्या खाली साधारण दोन-सव्वादोन टक्के भाग जातो. विचलन दोन असेल तर सोळा टक्के. सरासरी तीच, पण दुसऱ्या रस्त्याचा दर सहावा मीटर कच्चा. तुमच्या प्रबंधात रिग्रेशनच्या जागी प्रत्येक किलोमीटरचं विचलन आणि बिघाड यांची तुलना केलीत, तर काहीतरी हाती लागण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता नाजूक मुद्दा. आकडे बनवलेले असतील का? असू शकतात, पण आरोपाची घाई नको. खऱ्या थराची घनता जागोजागी एक-दीड टक्का तरी हलते. सलग चाळीस शीटवर ९८.१, ९८.३, ९८.२ असंच चाललं असेल, शेवटचा अंक ठरावीकच येत असेल, वाळूची वजनं सगळी पन्नासच्या पटीत असतील, किंवा एकाच तंत्रज्ञानं एका दिवसात शक्य नाही इतक्या चाचण्या केलेल्या दिसत असतील, तर तेवढं नोंदवा आणि तो गट विश्लेषणातून वेगळा ठेवा. प्रबंधात ‘विचलन अपेक्षेपेक्षा असाधारण कमी’ असं लिहा. हेतूबद्दल लिहू नका. तुमच्याकडे त्याचा पुरावा नाही.

अहवाल पूर्ण खरे असूनही रस्ता ठिपक्याठिपक्यांनी का बिघडतो, याचं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण तापमान आहे. प्लांटवरून येताना डंपरमधल्या मालाचा वरचा आणि कडेचा भाग थंड होतो. तो पेव्हरमधून जसाच्या तसा एका जागी उतरतो. शेजारच्या मालापेक्षा तो पंधरा-वीस अंशांनी थंड असला तरी डोळ्यांना दिसत नाही, पण रोलरखाली दबत नाही. माल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की रोलर कितीही फिरवा, घनता वाढत नाही, आणि पातळ थर तिथवर फार लवकर पोहोचतो. परिणाम असा की खराब ठिपके जवळजवळ समान अंतरावर येतात, डंपरच्या एका खेपेत जेवढी लांबी होते तेवढ्या. तुमच्या नकाशावर खड्ड्यांमधली अंतरं मोजून बघा. ती ठरावीक पटीत निघाली तर अर्धं कोडं सुटलं. थराची जाडीही याच्याशीच जोडलेली आहे. थर मोठ्या खडीच्या नाममात्र आकाराच्या तीन-चारपट तरी जाड हवा, नाहीतर खडी खडीवर अडते आणि नीट दबाई होत नाही.

मार्शल स्थिरतेवर मी फार वेळ घालवणार नाही. ६० अंशांना ठोकळा आडवा दाबून काढलेला तो आकडा मिश्रण ठरवायला बरा, पण चाकोऱ्या पडतील की नाही हे त्यावरून नीट कळत नाही. त्यासाठी चाक फिरवून बघायची चाचणी वेगळी आहे. डांबराच्या प्रमाणाबद्दल एकच: डांबर धुऊन वेगळं करणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून बारीक फिलर (दगडाची पूड) निसटला किंवा मालात ओलावा राहिला, तर घटलेलं सगळं वजन डांबराच्या खात्यात जमा होतं. दुरुस्ती केली नसेल तर अहवालातलं ५.४ प्रत्यक्षात कमी असू शकतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: आकडा कशाशी ताडला ते बघा, नमुना कुठला ते बघा, सरासरीपेक्षा विखुरणं बघा, आणि बिघाडाची नकाशावरची मांडणी बघा. हे चारही घरी बसून होतं. नंतर रस्त्यावर जा.

रस्त्यावर मी जोड्या पाडते. बिघडलेली एक जागा आणि तिच्यापासून पन्नासेक मीटरवरची, त्याच लेनमधली, त्याच दिवशी टाकलेली धडधाकट जागा. अशा आठ-दहा जोड्या झाल्या की शंभर सुट्या कोअरपेक्षा जास्त कळतं, कारण वाहतूक, वय आणि माल दोन्हीकडे सारखेच असतात. एक पथ्य पाळा. बांधतानाची घनता जाणून घ्यायची असेल तर कोअर दोन चाकोऱ्यांच्या मधून घ्या. चाकाखालचा थर दोन वर्षांत वाहतुकीनं दाबलेला असतो, तो आता रोलरची साक्ष देत नाही. चाकोरीतला कोअर वेगळा घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

कोअर हातात आल्यावर यंत्राआधी डोळे वापरा. थर एकमेकांपासून सहज सुटले का? सुटले तर टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा) बघा. बांधणी तुटली की एक जाड थर दोन पातळ थरांसारखा वाकतो आणि भेगा लवकर येतात. खडीवरचं डांबर सोलून गेलंय का? तळाशी सोललं असेल तर पाणी खालून आलंय. भेग वरून खाली जाते की खालून वर, हेही कोअरवरच दिसतं. खालून वर येणारी भेग वाकण्याची, वरून खाली जाणारी बहुधा कडक झालेल्या डांबराची किंवा टायरच्या ताणाची.

खालच्या थरांसाठी एफडब्ल्यूडी (फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर) हे यंत्र मिळालं तर उत्तम. ३०० मिलिमीटरच्या तबकडीवर साधारण ४० किलोन्यूटनचा धक्का देऊन ते वेगवेगळ्या अंतरावरचा रस्ता किती खचला ते मोजतं. मध्याजवळचं खचणं सगळ्या थरांचं मिळून असतं, लांबच्या सेन्सरचं जवळजवळ फक्त खालच्या मातीचं. जोडीतल्या दोन्ही जागांवर लांबचे आकडे सारखे आणि मधले वेगळे आले, तर माती निर्दोष. लांबचेच वेगळे आले, तर साइडपट्टीकडे वळा. चर बुजलाय का, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालीय का, पाणी कुठे अडतंय? चार दिवस पाण्यात भिजवून केलेला सीबीआर कागदावर चांगला असेल. पण तो त्या दिवशी आणलेल्या मातीचा होता. एफडब्ल्यूडी मिळालं नाही तर बेंकेलमन बीमवरही (भरलेल्या ट्रकच्या चाकाखालचं खचणं मोजणाऱ्या दांड्यावरही) जोड्यांची तुलना होते. फक्त दोन्ही जागा एकाच तापमानाला आणि एकाच हंगामात मोजा.

बिघाड एकाच दिशेच्या लेनमध्ये जास्त असेल तर आधी मालाची वाहतूक बघा. भरलेले ट्रक एका बाजूनं जात असतील आणि रिकामे दुसऱ्या बाजूनं परतत असतील, तर चौथा घात तिथेच काम करतोय. चढावर ते आणखी सावकाश चालतात आणि डांबराला भार जास्त वेळ सोसावा लागतो. अशा ठिकाणी घनतेला दोष देण्याआधी आसाचं वजन मोजा.

कामाचा क्रम मी असा ठेवेन: या आठवड्यात पोकळीचा रकाना आणि ओलाव्याची दुरुस्ती, पुढच्या आठवड्यात बिघाडाचा नकाशा, मग तीन जोड्यांचे कोअर. तिन्हींत एकच गोष्ट दिसली तर बाकीच्या जोड्या घ्या. तीन वेगळ्या दिसल्या तर प्रबंधाचा विषय एकाच कारणापुरता आटोपता करा. प्रत्येक कोअरचा फोटो भोकाच्या भिंतीसकट काढा, ओलसर भिंत तासाभरात सुकते. आणि निघण्याआधी भोक कोरडं करून, कडांना टॅक कोट लावून, गरम माल दोन-तीन थरांत ठोकून भरा. नाहीतर पुढच्या पावसात तिथेच खड्डा पडेल आणि तो तुमच्याच नकाशावर येईल.